विश्लेषण : दुचाकीला मोठी पेट्रोल टाकी बसवली तर नक्की काय होते?

लांब पल्ल्यासाठी, सीमेपलीकडच्या स्वस्त पेट्रोलसाठी किंवा नुसत्या दिसण्यासाठी अनेकांना मोठी टाकी हवी असते. पण टाकी म्हणजे केवळ डबा नव्हे. कबनूर-इचलकरंजी परिसरातल्या रोजच्या वापराचे गणित मांडून पाहिले तर काय हाती लागते?

गाडी वाटेत बंद पडली की ती एका बाजूला आडवी करायची, दोन-तीन हिसके द्यायचे, उभी करून पुन्हा किक मारायची. कार्बोरेटरची गाडी चालवलेल्या प्रत्येकाने हा उपाय कधी ना कधी केलेला असतो, आणि बहुतेक वेळा पंपापर्यंत पोहोचण्याइतकी गाडी चालतेही. यात चमत्कार काही नाही. मोटारसायकलची टाकी खालून सपाट नसते. चॅसीचा मुख्य पाइप जाण्यासाठी तिच्या पोटात मधोमध खोबण असते आणि टाकी त्या पाइपवर खोगिरासारखी बसते. पेट्रोलची पातळी खोबणीच्या खाली गेली की ते डाव्या आणि उजव्या अशा दोन वेगळ्या कप्प्यांत राहते. पेट्रोल कॉक मात्र एकाच बाजूला. गाडी आडवी केली की दुसऱ्या बाजूचे पेट्रोल कॉकच्या बाजूला येते, इतकेच.

मोठी टाकी बसवण्याचा विचार करताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. टाकी दोन्ही बाजूंनी खाली उतरवून मोठी केली, तर कॉकपर्यंत न पोहोचणाऱ्या पेट्रोलचा कप्पाही मोठा होतो. म्हणून अशा काही टाक्यांमध्ये दोन्ही कप्पे खालून जोडणारी नळी दिलेली असते. गावातल्या गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीची टाकी ‘बसती केली’ जाते तेव्हा ती नळी कोणी पाहत नाही. १५ लिटरची टाकी बसवली म्हणजे १५ लिटर वापरता येतील, असे गृहीत धरू नये.

रोजच्या फेरीत किती वाचते?

कबनूर इचलकरंजीला इतके लागून आहे की गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे नवख्याला कळत नाही. यंत्रमागावरची पाळी असो, शिरोलीच्या एमआयडीसीतली नोकरी असो की कोल्हापूरला कामासाठी जाणे असो, बहुतेकांची भिस्त दुचाकीवरच असते. शिरोलीपर्यंत जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर धरू. महिन्याचे २६ दिवस म्हणजे १,०४० किलोमीटर. १०० सीसीची गाडी लिटरला ५५ किलोमीटर देत असेल तर महिन्याला सुमारे १९ लिटर पेट्रोल लागते.

हिरो स्प्लेंडर प्लसची टाकी ९.८ लिटरची आहे. ती दरवेळी पूर्ण भरली तर महिन्यात दोनदा पंपावर जावे लागेल. तिथे १५ लिटरची टाकी असेल तर साधारण सव्वा वेळा. म्हणजे दोन महिन्यांत एखादी फेरी वाचली. पेट्रोल एक थेंबही वाचले नाही.

शिवाय टाकी पूर्ण भरतो कोण? पंपावर सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य ‘फुल कर’ हे नसून ‘दोनशेचं टाक’ हे आहे. पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यापासून दोनशे रुपयांत दोन लिटरही येत नाही. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याने एकदम हजार रुपये टाकीत ओतून ठेवावेत, अशी अपेक्षा करणेही चूक आहे. अशा माणसाच्या गाडीत टाकी १० लिटरची असली काय आणि १५ ची असली काय, आत पेट्रोल दोनच लिटर असते. बाकीच्या जागेत हवा आणि वाफ. त्याचा परिणाम गंजावर होतो. तो मुद्दा पुढे येईलच.

दुसरा युक्तिवाद सीमेचा. कर्नाटकात करातील फरकामुळे पेट्रोल सहसा महाराष्ट्रापेक्षा थोडे स्वस्त मिळते आणि इचलकरंजीहून बोरगाव-निपाणीकडचा रस्ता फार लांबचा नाही. मोठी टाकी असेल तर एकदाच जाऊन भरून आणता येईल, असा हिशेब घातला जातो. लिटरमागे २ रुपये फरक धरला आणि १५ लिटर भरले, तर वाचले ३० रुपये. जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले तर गाडीने अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल जाळले, म्हणजे ५५ रुपयांच्या आसपास. तिकडे काही कामासाठी जाणारच असाल तर भरून घ्या, एरवी हा सौदा तोट्याचा आहे.

मग गरज कुणाला असते?

महापुरात, असे अनेक जण सांगतील. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, टँकर अडकले आणि कोल्हापुरात पेट्रोलची टंचाई झाली. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरोधात वाहनचालकांनी संप पुकारला, तेव्हाही राज्यात अनेक ठिकाणी पंपांवर रांगा लागल्या. पण या दोन्ही वेळी ज्याची ९.८ लिटरची टाकी भरलेली होती, त्याच्याकडे ५०० किलोमीटरचे पेट्रोल होते. रांगेत उभे होते ते टाकी लहान असलेले नव्हे, तर टाकी रिकामी असलेले. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी वाढू लागली की टाकी भरून ठेवणे हा उपाय बिनखर्चाचा आहे.

खरी गरज असते ती लांब, निर्जन वाटेवर जाणाऱ्याला. मनाली-लेह मार्गावर टांडीच्या पंपावरचा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक देशभरातल्या बुलेटवाल्यांनी फोटो काढून प्रसिद्ध केला. क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. सपाटीवर लिटरला ३५ किलोमीटर मिळाले तर ४५५ किलोमीटर होतात. घाटात, विरळ हवेत आणि खालच्या गिअरवर हा आकडा २८ वर आला तर ३६४. म्हणजे बरोबर फलकाच्या अलीकडे एक किलोमीटर! इथे भीती खरी आहे. मात्र कमी पडते ते चार-पाच लिटर, आणि तेही आयुष्यात एक-दोन सहलींपुरते.

जगात मोठ्या टाक्यांचा जन्म अशाच वाटांवर झाला. बीएमडब्ल्यूने १९८४ मध्ये आर ८० जी/एस या गाडीची पॅरिस-डाकार आवृत्ती आणली, तिला ३२ लिटरची टाकी होती. ऑस्ट्रेलियातील सफारी, इटलीतील असर्बिस या कंपन्या ठरावीक मॉडेलसाठी प्लॅस्टिकच्या मोठ्या टाक्या बनवतात. यातला ‘ठरावीक मॉडेलसाठी’ हा शब्द महत्त्वाचा. खोबण, नट-बोल्टची जागा, हँडल वळण्यासाठीची मोकळीक हे सगळे त्या एका गाडीसाठी मोजलेले असते. आपल्याकडे रस्त्यावर सर्वाधिक असलेल्या गाड्यांसाठी असा तयार संच सहसा मिळत नाही. त्यामुळे दोनच वाटा उरतात : दुसऱ्या मॉडेलची टाकी बसवणे किंवा आहे ती कापून वाढवणे.

दुसऱ्या गाडीची टाकी बसवली तर?

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत हे त्यातल्या त्यात सोपे. पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली येते, कॉक आणि नळी जुळली की काम झाले. तरीही हँडल पाहावे लागते. रुंद टाकीमुळे हँडल पूर्ण वळवल्यावर अॅक्सिलरेटरची केबल चिमटली किंवा ताणली, तर वळणावर इंजिनचा वेग आपोआप वाढतो. गाडी जागेवर सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांना नेऊन पाहिले की हा दोष लगेच कळतो. टाकीचा खाली उतरलेला भाग इंजिनच्या हेडच्या किती जवळ येतो, हेही पाहायला हवे.

एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांपैकी बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन आहे आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो. टाकी बदलायची म्हणजे पंप बसण्याचे भोक, त्याभोवतीच्या बोल्टची मांडणी आणि पंपाची उंची जुळायला हवी. हा पंप सभोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. खोल टाकीत तो उंचावर बसला तर तळाचे पेट्रोल ओढू शकत नाही आणि कोरडा चालून लवकर जळतो. पेट्रोलचा काटा दाखवणारा तरंगता गोळाही मूळ टाकीच्या आकारानुसार ठरवलेला असतो. आकार बदलला की काटा थापा मारू लागतो. त्यामुळे ‘अजून अर्धी टाकी आहे’ म्हणत माणूस घाटात थांबतो. मोठी टाकी ज्या कारणासाठी बसवली, तेच कारण असे उलटते.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बीएस-६ गाड्यांत टाकीतली वाफ हवेत सोडायला परवानगी नाही. ती नळीने कोळशाच्या एका छोट्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते आणि इंजिन सुरू झाल्यावर जाळली जाते. टाकी बदलताना ही नळी बंद करून टाकली, तर हवा आत येण्याची वाटही बुजण्याची शक्यता असते. पेट्रोल कमी होत जाते, आत पोकळी तयार होते आणि गाडी आचके देऊ लागते. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज झाला तर दोष इंजिनात नाही, इथे आहे.

वजनाबद्दल मात्र उगाच घाबरवले जाते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, लिटरला सुमारे पाऊण किलो. पाच लिटर जादा म्हणजे चार किलोच्या आत. मागे बसणाऱ्याच्या हातातली भाजीची पिशवी याहून जड असते. ३० लिटरला मात्र २२ किलोच्या वर वजन होते आणि तेही उंचावर, ब्रेक मारला की पुढे धावणारे. डाकारच्या शर्यती गाड्यांत म्हणूनच पेट्रोल एकाच डब्यात न ठेवता वेगवेगळ्या टाक्यांत विभागतात.

टाकी कापून वाढवणे इतके धोक्याचे का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा इचलकरंजीच्या वर्कशॉपमध्ये एखादी वस्तू बनत नाही, असे म्हणणारा माणूस सापडणे कठीण. यंत्रमागाचा तुटलेला भाग सकाळी देऊन संध्याकाळी तयार घेऊन जाणाऱ्या या भागात पत्र्याची टाकी वाढवणे हे कारागिराला अवघड वाटत नाही. कौशल्याचा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे पेट्रोलच्या वाफेचा.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ती पेट घेते. त्याहून कमी असेल तर मिश्रण फार विरळ, जास्त असेल तर जळायला हवाच पुरत नाही. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की सहसा ती या पट्ट्याच्या बाहेर राहते. टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवले की हवा आत शिरते आणि मिश्रण हळूहळू नेमके याच पट्ट्यात येते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक ठरते ती यामुळे.

किती पेट्रोल उरले तर धोका? १० लिटरच्या टाकीत १.४ टक्के म्हणजे ०.१४ लिटर वाफ. एक मिलिलिटर पेट्रोलची वाफ झाली की ती सुमारे ०.१८ लिटर जागा व्यापते. म्हणजे एक मिलिलिटरसुद्धा पुरून उरते. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतात, त्याचा पाचवा भाग. एवढे पेट्रोल टाकीच्या शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली सहज दडून बसते. दोन दिवस उन्हात ठेवली, पाण्याने विसळली, वास येत नाही, एवढ्यावर टाकी सुरक्षित समजणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. शिवणीतले पेट्रोल थंड असताना गप्प असते. वेल्डिंगची आच लागल्यावरच त्याची वाफ होते.

जाणते कारागीर झाकण, कॉक, पंप, गोळा सगळे काढतात, टाकी साबणाच्या गरम पाण्याने वारंवार धुतात आणि वाफेने शेकतात. वेल्डिंग करताना ती पाण्याने शक्य तितकी भरतात किंवा आत कार्बन डायऑक्साइड, आरगॉनसारखा न जळणारा वायू सोडत राहतात. हे करताना कारागीर दिसत नसेल तर टाकी उचलून घरी आणावी. लाजायचे कारण नाही. वर्कशॉपमध्ये त्या क्षणी टाकीवर वाकलेला बहुधा विशीतला हेल्पर असतो.

वेल्डिंग सुखरूप पार पडले तरी टाकी पूर्वीसारखी राहत नाही. कारखान्यात सुमारे एक मिलिमीटरचा पत्रा अखंड शिवणीने जोडलेला असतो आणि गंज टाळण्यासाठी आतून त्यावर लेप असतो. गॅसच्या आचेने तो लेप सांध्याभोवती जळतो. गंज तिथूनच सुरू होतो आणि गंजाचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरच्या जाळीत अडकतात.

उसाच्या पट्ट्यातले पेट्रोल

या गंजाला आता इथेनॉलची साथ आहे. ज्या उसाच्या शिवारातून कबनूरचा रस्ता जातो, त्या उसापासून साखरेबरोबर इथेनॉलही बनते आणि पंपावर आज २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. टाकी भरलेली असेल तर ओलाव्याला जागा कमी. १५ लिटरच्या टाकीत दोनशे रुपयांचे पेट्रोल असेल तर आतला बहुतेक पत्रा उघडा, आणि पावसाळ्यात रोज गरम-थंड होणाऱ्या त्या पत्र्यावर दव धरते. दोनशेचे पेट्रोल टाकणाऱ्यासाठी मोठी टाकी म्हणजे गंजायला मोठा पत्रा.

फायबरची हलकी टाकी हा त्यावरचा तोडगा वाटतो, पण साध्या रेझिनची फायबर टाकी इथेनॉलने मऊ पडू शकते. अमेरिकेत ड्युकाटीच्या कंपनीच्याच प्लॅस्टिक टाक्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फुगल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. ई-२० मुळे मायलेजही किंचित घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के सांगितली आहे. लिटरला ५५ देणाऱ्या गाडीत हा फरक दोन किलोमीटरचा. केवळ तेवढ्यासाठी टाकी वाढवायचे कारण नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

आरसीवर टाकीची क्षमता छापलेली नसते, म्हणून टाकी बदलायला हरकत नाही, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. आरसीवर गाडीचे रिकामे वजन असते, रंग असतो. शिवाय कंपनीच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजुरी मिळते ती इंधन व्यवस्थेसह. त्याच मॉडेलची, त्याच मापाची कंपनीची टाकी बसवणे ही दुरुस्ती. वेगळ्या मापाची किंवा कापून वाढवलेली टाकी हा बदल, आणि तो करण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. विमा कंपनीलाही कळवावे लागते. न कळवलेल्या बदलामुळे आग लागली तर दाव्यावरून वाद होणार हे नक्की, आणि तेव्हा हातात कागद नसेल तर बाजू लंगडी पडते.

चार-पाच लिटरच हवे असतील तर?

पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. मात्र एक लिटरपेक्षा मोठे भांडे मान्यताप्राप्त प्रकारचे, धातूचे असावे लागते आणि त्यात किमान ५ टक्के जागा रिकामी सोडावी लागते. पाण्याची बाटली किंवा तेलाचा प्लॅस्टिक कॅन यात बसत नाही. पाच लिटरचा योग्य कॅन कॅरिअरला घट्ट बांधला की टांडीचा प्रश्न सुटतो आणि सहल संपल्यावर गाडी पूर्वीसारखी.

ज्यांना कायमच लांब पल्ला हवा, त्यांच्यासाठी कारखान्यातूनच मोठी टाकी घेऊन येणाऱ्या गाड्या आहेत. पल्सर १५० ला १५ लिटर, येझदी अॅडव्हेंचरला १५.५, हिमालयन ४५० ला १७. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २०२४ मध्ये उलट्या बाजूने विचार केला. सीएनजीवर चालणारी जगातील पहिली मोटारसायकल म्हणून आणलेल्या फ्रीडम १२५ मध्ये पेट्रोलची टाकी अवघी दोन लिटरची आहे आणि सीटखाली दोन किलोचे सीएनजी सिलिंडर. दोन्ही मिळून ३३० किलोमीटरचा पल्ला, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे भरलेल्या स्प्लेंडरपेक्षा कमी, पण दर किलोमीटरचा खर्च कमी करण्याचा प्रयत्न त्यात आहे. मोठ्या टाकीने तो होत नाही.

खर्च करण्यापूर्वी आपल्या गाडीचा खरा पल्ला मोजून पाहायला एक महिना पुरतो. पंपाचे नोझल आपोआप थांबेल तिथपर्यंत टाकी भरा, त्यावर ‘राउंड फिगर’साठी पेट्रोल कोंबू नका. पेट्रोल तापले की प्रसरण पावते. १५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर पाव लिटरहून अधिक फुगते आणि त्याला जागा लागते. किलोमीटर लिहून ठेवा, काही दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा तसेच भरा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. जो आकडा येईल त्याला टाकीच्या क्षमतेतून एक लिटर वजा करून गुणा. स्प्लेंडरसाठी ५५ गुणिले ८.८ म्हणजे ४८४ किलोमीटर. कबनूरहून पुण्याला जाऊन परत येण्याइतके.